दाबोळीचं ते तीन शेपट्यांचं विमान, याची गोष्ट कुणाला माहितीये का?

मुक्ता_कोथरूड

मंडळी, एक शंका आहे आणि एक चिडचिड पण आहे, दोन्ही इथेच ओतते.

गोव्याहून परतीचं विमान संध्याकाळचं होतं आणि हॉटेलवाल्याने सकाळीच खोली रिकामी करायला लावली, म्हणून बॅगांसकट सगळी वरात घेऊन बोगमाळ्याच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियमला गेले. घरात विमानांचं वेड मला एकटीलाच आहे. नवऱ्याने आणि सासूबाईंनी थोडा वेळ कौतुकाने बघितलं आणि मग सावली शोधून बसले, मुलगा मात्र माझ्यासोबत पूर्ण फिरला. त्याचा प्रत्येक विमानाला एकच प्रश्न, "आई, याने कुणाला पाडलं?"

तर शंका अशी की तिथे उघड्यावर जे सगळ्यात मोठं चार पंख्यांचं विमान उभं आहे, सुपर कॉन्स्टेलेशन, ते त्या सगळ्या लढाऊ विमानांच्या घोळक्यात काय करतंय? चक्क प्रवासी विमानासारख्या ओळीने खिडक्या आहेत त्याला. आणि मागे तीन तीन उभ्या शेपट्या कशाला? आमचा टॅक्सीवाला छातीठोकपणे म्हणाला की हे पोर्तुगीजांचं विमान, ६१ साली आपल्या लष्कराने पकडलं. मला काही पटलं नाही पण उलट बोलायला माहिती पण नव्हती.

आता चिडचिड. एका शहरात (नाव नको, उगाच वाद) चौकात खांबावर चढवलेलं एक जुनं जेट आहे, जवळून बघितलं तर रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी, रंग फुगलेला, चाकाच्या कप्प्यात कबुतरं. दरवर्षी कुठल्यातरी दिवसाच्या आधी वरून नवा रंग मारतात की झालं. ही विमानं अशी उघड्यावर टिकतात तरी कशी, आणि परदेशात उडवून दाखवतात तशी आपण का नाही उडवत?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

शेपूटमोज्या

ताई तुम्ही माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत, आता वाचा मुकाट्याने 😀

ते विमान खरंच प्रवासी विमान आहे. लॉकहीड एल-१०४९जी सुपर कॉन्स्टेलेशन, एअर इंडियाचं. नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. एअर इंडियाच्या सुपर कॉनींची, म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशनची, नावं अशी राण्यांवरून असायची, झाशीची राणी वगैरे, आणि ही आपल्या वेरूळची. त्याच्याही आधी १९४८ च्या जूनमध्ये मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन ही एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी झाली ती 'मलबार प्रिन्सेस'ने, ती साधी कॉन्स्टेलेशन, म्हणजे हिची लांबीला थोडी आखूड पण वयाने मोठी बहीण. मग १९६० ला बोइंग ७०७ आलं आणि पंख्यांच्या विमानांची सद्दी एका रात्रीत संपली. या राण्या चांगल्या ठणठणीत होत्या, त्या हवाई दलाने घेतल्या, आणि १९७६ ला हवाई दलाकडून नौदलाकडे गेल्या. त्यांच्यासाठी नौदलाने ३१२ नंबरची नवी स्क्वॉड्रन उभी केली. काम काय, तर तासन् तास समुद्रावर घिरट्या घालत जहाजं शोधायची. ज्या विमानाने बायका-मुलांना लंडनला नेलं त्याच विमानातून नौसैनिक जहाजं हुडकत बसले.

तीन शेपट्यांचं कारण ऐकून हसाल. विमान सरळ उडायला मागे उभा पृष्ठभाग भरपूर लागतो. एकच शेपूट ठेवली असती तर ती इतकी उंच झाली असती की त्या काळच्या हँगरच्या दारात अडकली असती. मग एका उंच शेपटीच्या तीन बुटक्या केल्या, बस.

आणि इंजिनं! राईट आर-३३५०, एकेका इंजिनात १८ सिलिंडर, एकेकाची ताकद सव्वातीन हजार हॉर्सपॉवरच्या आसपास. एरवी धुराबरोबर जी ताकद फुकट जाते ती वाया घालवायची नाही म्हणून एक्झॉस्टच्या वाटेत प्रत्येक इंजिनाला तीन छोटी टर्बाइनं बसवलेली आणि त्यांची फिरकी परत क्रँकशाफ्टला जोडलेली. कागदावर जबरदस्त आयडिया. प्रत्यक्षात ही टर्बाइनं तापायची आणि जळायची, त्यामुळे त्या काळचे लोक सुपर कॉनीला जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनांचं विमान म्हणायचे, कारण चौथं इंजिन बऱ्याचदा वाटेत बंदच केलेलं असायचं. दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे चार इंजिनांचे मिळून १४४. नुसते प्लग बदलायचे म्हटलं तरी मेकॅनिकची सकाळ गेली.

सांतेरी

टॅक्सीवाल्याची कथा मी वास्कोत लहानपणापासून ऐकत आलेय, आमच्याकडे सगळ्यांनाच ती खरी वाटते. पण ती नेमकी उलटी आहे.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी हवाई दलाच्या १२ कॅनबेरा बॉम्बर विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पुण्याहून उडाली होती ती. विंग कमांडर एन. बी. मेनन पुढे होते. आदेश असा होता की धावपट्टी फोडा पण टर्मिनल आणि बाकीच्या इमारतींना धक्का लावू नका, पुढे आपल्यालाच वापरायच्यात. त्यानंतर दुसरी फेरी पण झाली. त्या वेळी विमानतळावर पोर्तुगीजांची दोन मोठी प्रवासी विमानं उभी होती, त्यातली एक चक्क कॉन्स्टेलेशन होती आणि दुसरी डीसी-४. ती दोन्ही वाचली. रात्री धावपट्टीवरचे काही खड्डे घाईघाईने बुजवले, अधिकाऱ्यांची कुटुंबं आत बसवली आणि अंधारात दोन्ही विमानं उडून कराचीला गेली.

म्हणजे पकडलं वगैरे काही नाही, आपल्या नाकाखालून निसटलं ते. पण त्याच जातीचं आपलं विमान पुढे म्हातारपणी त्याच दाबोळीला येऊन उभं राहिलं त्यामुळे लोकांनी दोन्ही गोष्टींची एकच गोष्ट केली असावी. टॅक्सीवाल्याला पुढच्या वेळी हे सांगा, भाडं कमी करणार नाही पण गप्प बसेल.

लोहगावचा_भाचा

पुणेकरांनी यात नाक खुपसायलाच पाहिजे कारण या सुपर कॉनीचं मधलं आयुष्य आमच्या लोहगावशी जोडलेलं आहे. हवाई दलात असताना ती ६ नंबर स्क्वॉड्रनकडे होती आणि ती स्क्वॉड्रन पुण्याची. माझे मामा विमाननगर नव्हतंच तेव्हा, सगळं माळरान होतं तेव्हापासून तिकडे राहायचे, ते सांगायचे की चार इंजिनांची घरघर ऐकू आली की आजी वाळवण झाकायला धावायची, धुरळा येतो म्हणून (विमान कितीही उंच असो).

पण सुपर कॉनीच्या आधी त्या स्क्वॉड्रनकडे जे होतं ती खरी भन्नाट स्टोरी आहे. बी-२४ लिबरेटर. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन बॉम्बर. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांकडची ढीगभर लिबरेटर्स कानपूरला पडून होती. करार असा की अमेरिकेला परत द्या नाहीतर मोडून टाका. यांनी मोडायचं ठरवलं, कुठे बुलडोझर घाल, कुठे इंजिनात वाळू ओत, कुठे सांगाडा वाकव असं करून सगळी भंगारात काढली. आणि १९४८ ला नव्या हवाई दलाला बॉम्बर पाहिजे होते आणि पैसे नव्हते. तर हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली, त्या ढिगाऱ्यातून याचा पंख त्याचं चाक असं करत एकेक विमान जेमतेम उडेल इतपत उभं केलं आणि ते तसंच उडवत बंगलोरला नेलं पक्क्या दुरुस्तीला. टेस्ट पायलट होते जिमी मुन्शी. विचार करा, मुद्दाम मोडलेलं विमान, मॅन्युअल धड नाही, आणि हा माणूस ते कानपूर ते बंगलोर नेतोय, एकदा नाही, परत परत. अशी चाळीसेक विमानं उभी राहिली आणि ती १९६८ पर्यंत चालली. जगात इतर ठिकाणी लिबरेटर्स केव्हाच वितळवून झाली होती.

त्यामुळे झालं काय की नंतर परदेशातल्या म्युझियमांना लिबरेटर पाहिजे असेल तर यायचं कुठे? भारतात. लंडनच्या आरएएफ म्युझियमने नेलं, अमेरिकेत नेलं, कॅनडात नेलं. अमेरिकेत कॉलिंग्ज फाउंडेशनचं जे लिबरेटर अनेक वर्षं उडत होतं, लोक पैसे भरून त्यात बसायचे, ते पण आपल्याच हवाई दलातलं. एक दिल्लीला पालमच्या म्युझियममध्ये आहे.

मुक्ताताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. जुनी विमानं आपण प्रेमापोटी वाचवली नाहीत, गरजेपोटी वापरत राहिलो म्हणून वाचली. वापर थांबला की आपला इंटरेस्ट संपतो आणि मग चौकातला खांब.

खारा_वारा

मी नौदलात विमानांच्या देखभालीत नोकरी केली, आता रिटायर्ड. चौकातल्या विमानाबद्दल लिहितो, म्युझियमवाल्यांच्या वतीने बोलत नाहीये.

विमानाची कातडी म्हणजे अॅल्युमिनियमची मिश्रधातू, त्यात तांबं असतं ताकदीसाठी आणि त्या तांब्यामुळेच ती खाऱ्या हवेत लवकर खराब होते. म्हणून पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. तो थर घासला, ओरखडला, की खालून सुरुवात. स्टीलचा स्क्रू जिथे अॅल्युमिनियमला लागून असतो तिथे तर खाऱ्या पाण्याचा थेंब पडला की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. तुम्ही बघितली ती पांढरी भुकटी तीच. पुढची पायरी म्हणजे पत्र्याच्या कडा पानं सुटल्यासारख्या उलगडायला लागतात. त्यावर रंग मारणं म्हणजे आत ओल ठेवून वरून झाकण लावणं, उलट जास्त लवकर खराब होतं. आधी सगळं खरवडून, ट्रीटमेंट करून, प्रायमर लावून मग रंग, आणि ते काम महिन्यांचं असतं, उद्या पाहुणे येणार म्हणून आज होत नाही.

आणखी एक, जे कुणी बघत नाही. प्रत्येक विमानाच्या पोटाला पाणी निचरायला बारीक भोकं असतात. उडतं विमान असेल तर ती रोज तपासली जातात. उभ्या विमानाची भोकं माती, पानं, पाखरांच्या घरट्यांनी बुजतात आणि पावसाचं पाणी आत साठतं. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाला जवळपास ३००० मिमी पाऊस, बघा हिशोब करून. माझ्या मते छप्पर ही दुसरी गोष्ट, पहिली गोष्ट म्हणजे एक माणूस, एक तार, आणि दर आठवड्याला ती भोकं साफ. याला बजेट लागत नाही.

आता तुमच्या मुलासाठी. तिथे सी हॉक बघितलं असेल, छोटं, सडपातळ, पंख वर दुमडणारं. पुढच्या वेळी त्याच्या मागे जाऊन बघायला सांगा. जेटचा धूर शेपटीतून निघायला पाहिजे ना? याचा निघत नाही. इंजिनाची नळी आत दोन फाट्यांत वाटलेली आहे आणि ती दोन्ही पंखांच्या मुळाशी, मागच्या बाजूला बाहेर पडते. त्यामुळे मागचं पोट रिकामं राहिलं आणि तिथे इंधनाची टाकी बसली. शेपटीखाली तो आकडा दिसेल, जहाजाच्या डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकवायचा. १८ मे १९६१ ला आपल्या पहिल्या विमानवाहू जहाजावर, विक्रांतवर, पहिलं सी हॉक उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी, पुढे ते नौदलप्रमुख झाले.

याने कुणाला पाडलं? हवेत कुणालाच नाही. ४ डिसेंबर १९७१ पासून कॉक्स बझार, चितगाव इथले विमानतळ आणि बंदरं यांनी झोडपली. दिवसा सी हॉक, रात्री अलिझे.

अलिझेवर मला जास्त लिहायचंय कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. फ्रेंच विमान, एक पंखा, तीन माणसं. बसकं, लठ्ठ, फोटोला अजिबात न शोभणारं. पंखांच्या पुढे दोन लांबट डबे आलेले दिसतील, त्यात चाकंही दुमडतात आणि पाणबुडीचा आवाज ऐकायला समुद्रात टाकायचे बॉय, म्हणजे तरंगती यंत्रं, पण तिथेच. पोटात रडारचा घुमट, तो गरज पडली की खाली सोडायचा, बादली विहिरीत सोडावी तसा. इंजिन रोल्स-रॉइस डार्ट, तेच जे इंडियन एअरलाइन्सच्या फोकर आणि अॅव्रोला होतं. कानाच्या पडद्यातून आरपार जाणारी शिट्टी, ज्याने ऐकली तो विसरत नाही.

७१ ला विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. जहाज पूर्ण वेगाने पळू शकत नव्हतं. आता हे विमानाला का भोवतं ते समजून घ्या. डेकवरून विमान सुटतं ते कॅटापल्टच्या (विमान पुढे भिरकावणाऱ्या यंत्राच्या) धक्क्यावर अधिक समोरून येणाऱ्या वाऱ्यावर, आणि तो वारा बराचसा जहाजाच्या स्वतःच्या वेगातून मिळतो. जहाज हळू म्हणजे वारा कमी, म्हणजे जड अलिझे डेकच्या टोकावरून पुढे गेल्यावर उडेल की पाण्यात जाईल याचा रोजचा हिशोब. वारा पडला की उड्डाण थांबवायचं नाहीतर वजन कमी करायचं. तरी त्यांनी ती मोहीम चालवली.

आणि १० डिसेंबरला पश्चिमेकडे एक अलिझे पाकिस्तानी एफ-१०४ ने पाडली. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सहकारी गेले. पंख्याचं टेहळणी विमान आणि समोर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं जेट. मुलाला हेही सांगा, प्रत्येक विमान पाडण्यासाठीच नसतं.

मुक्ता_कोथरूड

बापरे, एवढं सगळं एका धाग्यात! खारा_वारा काका, त्या निचऱ्याच्या भोकांचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या चौकाच्या विमानाबद्दल महापालिकेला अर्ज लिहितेच, तुमचा तो परिच्छेद जसाच्या तसा टाकते, चालेल ना?

पण उडवण्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून. ते जुनं दोन पंख्यांचं डाकोटा उडवलं ना आपण, मग राणीने काय घोडं मारलंय?

शेपूटमोज्या

डाकोटा उडतं कारण डाकोटा साधं आहे. हवाई दलाचं ते 'परशुराम' २०१८ ला इंग्लंडहून उडत आलं, राजीव चंद्रशेखर यांनी जुनं विमान विकत घेऊन, तिकडे दुरुस्त करवून भेट दिलं, त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे पायलट होते. व्हीपी ९०५ हा नंबर त्यावर रंगवलाय, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शिखांची तुकडी घेऊन उतरलेल्या विमानाचा मान म्हणून. पण डाकोटाच्या जातीची दहा हजारांहून जास्त विमानं बनली, स्पेअर्स आजही मिळतात, इंजिन १४ सिलिंडरचं, बाराशे हॉर्सपॉवरचं, गुणी. कॉन्स्टेलेशन सगळी मॉडेलं धरून ८५६ बनली फक्त आणि ती वर लिहिली तशी जळकी टर्बाइनं.

लुफ्थान्साने तिच्याच पुढच्या मॉडेलचं एक विमान, स्टारलायनर, अमेरिकेत मेन राज्यात दहा वर्षं खपून उडवण्याजोगं करायला घेतलं होतं. पैसा कमी नाही, माणसं कमी नाहीत. २०१८ ला हात टेकले आणि सुटे भाग करून जर्मनीला नेलं. ऑस्ट्रेलियात हार्स नावाच्या हौशी लोकांच्या संस्थेने एक उडतं ठेवलंय, ते निव्वळ वेड्या स्वयंसेवकांच्या जिवावर. आपल्याकडे तसे वेडे आहेत पण विखुरलेले आहेत, आणि विमानाला हात लावायला त्यांना कुणी देत नाही, ही खरी अडचण. परदेशात शनिवारी रिटायर्ड मेकॅनिक येऊन फुकटात पॅनल घासतात. आपल्याकडे खारा_वारा काकांसारख्या माणसाला पण तिकीट काढून दोरीच्या बाहेर उभं राहावं लागतं.

त्यामुळे राणी उडावी असं मला वाटतच नाही. खाऱ्या हवेत इतकी वर्षं उभं असलेलं विमान उडवायचं म्हणजे जवळजवळ नवीनच बनवायचं, मग ते मूळ कुठे राहिलं? तिच्यावर छप्पर यावं, एवढंच माझं म्हणणं.

लोहगावचा_भाचा

छप्पर-छप्पर करताय, विक्रांतचं काय झालं आठवतंय ना. आख्खं जहाज मुंबईत म्युझियम म्हणून उभं होतं, शेवटी भंगारात गेलं आणि त्या पोलादातून मोटरसायकलच्या टाकीवर बिल्ला आला. मी ती गाडी मुद्दाम नाही घेतली.

खारा_वारा

मुक्ताताई, खुशाल टाका तो मजकूर, माझं नाव नको. अर्जात दोन गोष्टी वाढवा. टायरवर भार ठेवू नका, विमान जॅकसारख्या स्टँडवर घ्यायला सांगा, आणि खांबावरच्या विमानाला जिथे खांब जोडलाय तो सांधा दरवर्षी इंजिनियरकडून तपासून घ्या, कारण वाऱ्यात पंख पंखाचंच काम करतात, विमान वर उचलायला बघतं. हे वाचलं की फाईल हलेल, गंजाच्या नावाने हलणार नाही.

सांतेरी

आणि परत बोगमाळ्याला येणार असाल तर सोमवारी येऊ नका, बंद असतं. सकाळी लवकर या म्हणजे सासूबाईंना ऊन लागणार नाही, आणि सी हॅरियरच्या बाजूच्या फिरत्या नळकांड्या बघायच्या राहिल्या असतील तर त्या बघा, २०१६ पर्यंत आमच्या घरावरून जायची ती, तेव्हा टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी उपयोग नसायचा.